येळवसेच्या दुसऱ्या दिवशी

अव्वा,

न्हाणीतल्या दगडावर बसवून तू माझे हात चिंचेनं घासायचीस. मी चाळिशी ओलांडलेली, गोव्याहून सुट्टीवर आलेली बाई, आणि तू लहान पोरीसारखं माझं एकेक बोट धरून चोळायचीस. "बँकंत पैसं मोजतीस का चुली सारवतीस गं?" म्हणायचीस. मी हसायचे. सोलापूरला मामांकडं शिकायला ठेवलंस तेव्हाही तू चिंचेचा गोळा बांधून द्यायचीस, कारण कॉन्व्हेंटात प्रार्थनेआधी सिस्टर आमचे तळवे उलटेपालटे करून बघत.

आज सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. गॅस बंद आहे का बघते, दाराची कडी बघते. हायवेवरून ट्रक जातात, त्यांचे हॉर्न ऐकत परत बसते. उद्या वकील मृत्युपत्राचे कागद घेऊन येणार आहेत, आणि मी एका प्रश्नापाशी अडले आहे. त्याचं उत्तर फक्त तुझ्यापाशी होतं.

अव्वा, मी बँकेत नव्हते. गोव्यातल्या एका हॉटेलच्या कॅसिनोत, नाणी बदलून देण्याच्या खिडकीत बसत होते. अप्पांनी पत्त्यांत दुभती म्हैस घालवली, तेव्हापासून ज्या घरात पत्ते पिसले जातात तिथलं पाणीसुद्धा तू घेतलं नाहीस. खरं सांगितलं असतं तर लेकीच्या पगाराचं पीठ तू मळलं नसतंस. म्हणून बँक.

त्या खिडकीत माणसं प्लास्टिकच्या बादल्या भरून नाणी आणायची. यंत्रातून नाणी पडायला लागली की सगळा हॉल वळून बघायचा, हरलेलेही. हजार हातांतून फिरलेल्या त्या धातूचा काळा थर माझ्या बोटांवर चढायचा आणि साबणानं हलायचा नाही. मला ती खिडकी आवडायची, खोटं कशाला बोलू. बादली जड असते. ती उचलून माझ्यापर्यंत यायचं, रांगेत उभं राहायचं, एवढ्यात कितीतरी जण थंड व्हायचे आणि घरी जायचे. एखादी बाई घुटमळताना दिसली तर मी मुद्दाम सावकाश मोजायचे. म्हणजे आपण जुगारात नाही, जुगाराच्या दारात उभ्या आहोत, लोकांना बाहेर काढतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग नवी यंत्रं आली. नाणी पडायची बंद. जिंकलं की एक कागदाची पट्टी सरकन बाहेर येते, तिच्यावर आकडा. माणूस ती हातात धरतो न धरतो तोच शेजारच्या यंत्राच्या तोंडात घालतो. हॉल गप्प झाला. माझ्या खिडकीशी कुणी येईना. मला दारात उभं राहून हसायचं काम मिळालं.

त्या वर्षी मी येळवसेला, मार्गशीर्षातल्या अवसेला, आले. शेतात पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील जेवलो, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी तू चिंच भिजवूनच ठेवली होतीस. माझे हात हातात घेतलेस आणि थांबलीस.

"काय गं माय, हात कसं उजळ? नौकरी गेली का?"

"नाही अव्वा. आता नाणी पडतच नाहीत. जिंकलेल्याला यंत्र चिठ्ठी देतं."

बोलले आणि जीभ चावली. तू माझे हात सोडले नाहीस. न घासताच त्यांच्यावर पाणी ओतलंस.

"आन् हरल्याल्याला काय देतंय?"

तेवढ्यात वैनीनं स्वयंपाकघरातून हाक मारली. "या की लौकर! भज्जी गरम केलीया, आन् आंबील लई आंबायच्या आत संपवा." मी पानावर बसले. तू बसली नाहीस. "मला सोमवार हाय. तुमी खावा," म्हणालीस आणि कोरा चहा घेऊन दाराशी गेलीस.

कॅसिनोत घड्याळ नसतं, खिडकी नसते. तिथं राहून मला वाराची सवयच उरली नव्हती. तू म्हणालीस सोमवार, मी मानलं. दुसऱ्या पहाटे मी एसटीनं निघाले, आणि पुढच्या सुट्टीआधी तू गेलीस.

त्या दिवशी सोमवार होता का, अव्वा?

येळवस कोणत्या वारी आली होती, हे भाची मोबाईलवर चुटकीसरशी सांगेल. ती इथल्याच दवाखान्यात नर्स आहे, रोज रात्री माझ्याकडं जेवते, भाकरी तुझ्यासारखी थापते. तिलाही वाटतं आत्या बँकेत होती. इतकी वर्षं मी तिला विचारलेलं नाही, वैनीलाही नाही.

तर उद्या वकिलांना असं सांगणार आहे. तुझा आंबिलीचा मातीचा घडा वैनीला. शिलाई मशीन शेजारच्या सुनेला, ती तशीही ते रोज नेते. कपाटातली इंग्रजी पुस्तकं दवाखान्याजवळच्या शाळेला. घर भाचीला, पण सही करण्याआधी, पान वाढण्याआधी, तिला समोर बसवून सांगायचं की या भिंती कुणाच्या हरण्यावर उभ्या आहेत. नको म्हणाली तर गळ घालायची नाही. मग घर भावाला. त्याला विचारायची गरज नाही, तो अप्पांवर गेलाय.

आणि हे पत्र कुणालाच नाही. तोंडानं सांगायचं टाळून ते भाचीच्या हातात ठेवावं आणि आपण बाहेर ओट्यावर जाऊन बसावं, असं मला सकाळपासून वाटतंय, म्हणूनच.