जुन्या फळ्यांची खोली

३ मार्च
आलो एकदाचे! सामान उतरवून ट्रक गेला आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. तरी ही खूश आहे. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, नळाला भरपूर पाणी आणि मागे ऐसपैस परसदार. तिथे पूर्वी शेड होती म्हणे; आता कुजके खांब आणि वाकलेला पत्रा उरलाय. ही म्हणाली, तुमच्यासारखीच गत आहे, पण डागडुजी होईल! छापखान्यातून मी निवृत्त झाल्यापासून पुस्तकबांधणीला स्वतःची जागा हवी होती. गोंद, पुठ्ठे सगळं तिकडे गेलं की जेवणाच्या टेबलावर पुन्हा जेवता येईल, असं हिचं म्हणणं. हिचा दादा मदतीला येतोय.

८ मार्च
मेहुणे आले. एकटा माणूस, पण आला की घर भरतं. पोट पुढे, गाणं ओठांवर. आम्ही दोघं जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. नवं लाकूड घेण्यात काय मजा, असं मेहुण्यांचं मत. कोपऱ्यात सागवानी फळ्यांचा ढीग होता, शेजारी कडीसकट एक दार. वखारवाल्याने सांगितलं की हा माल वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी वेगवेगळ्या वेळी आणून टाकलेला आहे. मेहुण्यांनी फळीवर टकटक केलं, कान लावला आणि सगळा ढीगच उचलला. टेम्पोत मागे बसून घरापर्यंत गात आले.

१२ मार्च
काम भलतंच वेगाने चाललंय. फळीला फळी लावली की खिळ्यांची जुनी भोकं बरोबर समोरासमोर येतात. खिळा नुसता टेकवायचा. करवत अजून हातात धरावी लागली नाही. वेगवेगळ्या घरचा माल असा कसा जुळतो? मेहुणे म्हणाले, लाकूड शहाणं आहे, सुतार अडाणी असले तरी भागतं. मी हसलो. पण एक फळी मी मुद्दाम उलटी लावून पाहिली. चहा पिऊन आलो तर ती सुलटी होती. मेहुण्यांनीच केली असणार.

१७ मार्च
शेड उभी राहिली. पत्रा जुनाच, ठोकून सरळ केलेला. दाराला कडी फक्त बाहेरून आहे. आतून लावायला काहीच नाही. मेहुण्यांनी सतरंजी टाकून दुपारची झोप तिथेच काढली. म्हणतात, आत आवाज फार छान घुमतो. ओळ अर्धी सोडली तरी खोली पुरी करते.

२० मार्च
भिंती सावलीतही कोमट लागतात. हात लावला की आजारी माणसाच्या कपाळासारख्या.
मेहुणे हल्ली जेवणावरून लवकर उठतात आणि शेडमध्ये जाऊन बसतात. दुपारी मी स्वयंपाकघरात असताना शेडमधून त्यांचं गाणं ऐकू आलं. सोबत दुसरा एक आवाज होता, बारीक, थकलेला. मी गेलो. आत मेहुणे एकटे. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "बरीच वर्षं गायला नाही तो. सूर सापडेल हळूहळू."
हा माणूस जन्मभर थट्टा करत आलाय. यावेळी डोळ्यांत थट्टा नव्हती.

२२ मार्च
चहा झाला म्हणून ही दादाला हाक मारायला गेली. शेडची कडी बाहेरून लागलेली. मी लावली नव्हती, हिनेही नाही. उघडलं. सतरंजी गरम, चपला शेजारी. मेहुणे नाहीत.
विहिरी, रस्ते, स्टेशन, सगळं पालथं घातलं. चौकीतला हवालदार म्हणाला, मोठा माणूस आहे, येईल रागबिग उतरला की. ही त्याच्यावर ओरडली, दादा अनवाणी कुठे जाईल?

२४ मार्च
ही शेडच्या भिंतीला कान लावून बसली होती. मला खूण केली. मीही कान लावला.
मेहुणे गात होते. फळीच्या आतून.

२५ मार्च
मेहुणे हरवल्याचं कानावर गेलं म्हणून वखारवाला स्वतः आला. उभी शेड पाहून दारातच खाली बसला. चूक झाली म्हणाला. त्याच्या बापाने बजावलं होतं की हा माल एकाच गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. एका घरी डोक्याने बिघडलेल्या मुलाला मागच्या खोलीत कोंडून ठेवायचे. एके दिवशी कडी काढली तर आत कोणी नाही, नुसता आवाज. शेवटी त्या मुलाच्या आईनेच खोली सुटी केली आणि फळी फळी निरनिराळ्या लोकांना विकली. मग आवाज थांबला.
पण आपल्या वखारीत त्या फळ्या पुन्हा जमत गेल्या, कशा ते कळलं नाही, म्हणाला.
मी विचारलं, मुलगा बाहेर आला का? तो म्हणाला, आवाज थांबला एवढंच.

२६ मार्च
मी हातोडा घेतला. ही दारात आडवी उभी राहिली. "एकही फळी काढायची नाही. माझा दादा आहे तो."
उद्या बोलू म्हटलं. उद्या शांत होईल.

२७ मार्च
शांत झाली नाही. ताट तिकडेच नेते. आत पाय टाकायचा नाही, अशी शपथ घातलीय मी. उंबऱ्याबाहेर बसते. दादा हिच्याशी बोलतो म्हणे. अंधार आहे म्हणतो. एकट्याला भीती वाटते म्हणतो.

२८ मार्च
दुकानातून आलो — उंबऱ्याबाहेर ताट. कडी लागलेली.
उघडलं. कोणी नाही. आत हिचा चष्मा.
"अहो," भिंत म्हणाली. "अहो, मी इथेच आहे. घाबरू नका."
रडलो. ती समजूत घालत राहिली. भाजी झाकून ठेवा म्हणाली.

२९ मार्च
ती विनवत होती, नका, नका. मी ऐकलं नाही. वाटलं, एक तरी फळी काढली तर वाट होईल, हात आत घालता येईल —
खिळे उपटले. ती किंचाळली. फळीमागे नुसतं परसदार. ऊन.
लगेच परत ठोकली. त्याच भोकांत, तेच खिळे. भिंतीला कान लावला. मग —
"दादा, बाहेर कोण रडतंय?"
मी नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. लग्नाचं सांगितलं, छापखान्याचं, टेबलावरच्या गोंदाचं.
"असं कोणी नाही आमच्या ओळखीत," ती म्हणाली. अगदी नम्रपणे. परक्या माणसाशी बोलतात तसं.

३० मार्च
तिघं गातात आता. बारीक आवाजाला सूर सापडलाय.
एक फळी काढली तर मी तिच्यातून पुसला गेलो. सगळं सुटं केलं तर तीच गेली. ठेवलं तर मी तिला कोणीच नाही.
जवळून ओळखेल. हात हातात घेतला तर ओळखेल. सतरंजीवर बसून लिहितोय, दार उघडं आहे, ऊन पायापर्यंत —
मी हाक मारली. गाणं थांबलं. ती कोणाला तरी म्हणाली, सरकून बसा, जागा करा, पाहुणे —
ऊन गेलं. कडी