पेपरातला रिकामा हंडा

गो अपेक्षा,

आजीचं तोंड विसरलीस ना? पेपरात माझा फोटो पाहिलास, तरी ओळखलं नायस. शहापुरात पाणी नाय म्हणून माझ्या दारासमोरचं घर घ्यायचं रद्द केलंस. रिकामा हंडा घेतलेली ती म्हातारी मीच गो. वरच्या पाड्यावर टँकर येतो, ते खरं. पण आपल्या आळीत नळाला रोज पाणी येतं. फोटोवाला म्हणाला, "आजी, हंडा उपडा धरा." मला मेली फोटोची हौस. भरलेला हंडा ओतून उभी राहिले.

शेजारची योगिनी हे लिहितेय, पण टपालात टाक म्हणायला मला तोंड नाय. पोचलंच तर एकदा येऊन नळ बघ.

तुझी फोटोतली आजी,
बाईजा

यायचं नसेल तर खारी तरी पाठव. चहाला पाणी आहे.