शुभचिंतक

नांदेड,
मंगळवार, १६ ऑगस्ट २०२२

चि. अनय,
अनेक आशीर्वाद.

राखी पोचली ना? आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय. सगळ्या खोलीला वाटत बसू नकोस, आधी स्वतः जेव. बाबांची शुगर बरी आहे. पत्र धपाट्यांच्या खाली ठेवलंय, कारण तुमचे रेक्टर सिद्रामप्पा पोरांची पत्रं फोडतात, असं तूच म्हणाला होतास. हे त्यांच्या हाती पडायला नको.

अभ्यासाचं विचारत नाही. दुसरंच विचारायचंय.

आपल्या गेमच्या ग्रुपवर जूनपासून ‘शुभचिंतक’ नावाचा एक खेळाडू आहे. कुणी वाह्यात बोललं की त्याला बाहेर काढायचं, हे मॉडरेटर म्हणून माझं काम. हा मात्र कधी शिवी देत नाही. असं गोड गोड बोलून त्याने तीस पोरं वेगळ्या ग्रुपात नेली, आणि तिथे “आपल्यात हे लोक कशाला?” सुरू केलं. हे लोक म्हणजे आपले सोहेलभाई. मोबाईल दुरुस्तीचं दुकान सांभाळून ज्यांनी हा ग्रुप उभा केला, तुला खेळायला शिकवलं, ते.

सोहेलभाई एकदा भडकले आणि त्याला आईवरून बोलले. नियम म्हणजे नियम, मी त्यांनाच बाहेर काढलं. वर स्वतःला फार न्यायी समजले. गाढव मी!

परवा एका पोराने मला त्या वेगळ्या ग्रुपातली यादी दाखवली. मुसलमान खेळाडूंची नावं, पत्ते आणि गुण. एखाद्याला ‘धडा शिकवला’ तर अधिक चार, भलत्यालाच गाठलं तर वजा एक. अनय, ही तर नीट परीक्षेची गुणपद्धत, तिची तयारी करणाऱ्याशिवाय हे कुणाला सुचेल? तुमच्या लातुरात अशी हजारो पोरं आहेत, अशी मी मनाची समजूत घातली. मग जुने मेसेज चाळले. शुभचिंतक फक्त रविवारी चार ते सहा येतो. होस्टेलात तुम्हाला फोन कधी मिळतो रे? तेही सोडून दिलं असतं. पण सोहेलभाईंच्या नावापुढे लिहिलंय, “जिना स्वयंपाकघरातून वर जातो.” तो जिना रस्त्यावरून दिसत नाही. ईदला त्यांच्या अम्मीने आपल्याला तिथेच बसवून शीरखुर्मा वाढला होता.

गेल्या आठवड्यात चौघांनी त्यांच्या दुकानाची काच फोडली. अम्मी आता कुणालाच दार उघडत नाहीत.

काल मी माफी मागायला गेले. सोहेलभाई म्हणाले, “मनूताई, काचेचं जाऊ द्या हो. आमच्या घरात आतपर्यंत येऊन गेलेला ह्यो कोण हाय? तुम्हाला म्हाईत हाय का?”

मी “नाही” म्हटलं. लगेच म्हटलं, विचारसुद्धा केला नाही. घरी आले तर आई तुझ्यासाठी धपाटे थापत होती. मला तिच्याकडे बघवेना.

तुझ्यावर संशय घ्यायची लाज वाटते, आणि तो खरा ठरेल याची भीती त्याहून जास्त. तो तू नसशील, तर मला वाटेल ते बोल. मी आनंदाने ऐकून घेईन.

डबा दुपारच्या बसने निघेल. तुझ्या हाती पडेपर्यंत मी पुन्हा सोहेलभाईंकडे जाऊन तुझं नाव सांगितलेलं असेल. पोलिसांकडे जायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, मी त्यांच्यासोबत जाणार. आणि त्यांना हेही सांगणार, “त्याला तुमच्या घरात मीच घेऊन आले होते.”

काही झालं तरी तुझीच ताई,
मनस्विनी