विंच आणि बाबांचं कलम

रविवार, संध्याकाळ

रुतलेली जीप दोराने ओढून काढणारा विंच कुठला घ्यायचा ते आज ठरलं! नायलॉनच्या दोराचा. तारेच्या दोराचाच घेईन म्हणून इतके दिवस मीच हटून बसलो होतो ना? आज मित्राचा तारेचा विंच जीपला लावून बागेच्या वाटेवर गेलो आणि चिखलात रुतलो. तार अडकवायला समोर एकच झाड, बाबांचं हापूसचं कलम. बाबा आडवे आले. "तार सालीत घुसेल. राहू दे जीप तिथेच!"

शेवटी त्यांनीच बुंध्याला गोणपाटाच्या जाड घड्या गुंडाळल्या, तेव्हा कुठे तार लागली. जीप निघाली. मी डोक्यापर्यंत चिखलाने माखलेला. आणि बाबा गोणपाट सोडून, सालीवर हात फिरवत कलमाला विचारतायत, "लागलं नाही ना रे?"

इतकी वर्षं मी स्वतःला एकुलता एक समजत होतो!