जावयाच्या खुर्चीला वळसा

रा. रा. वीरेंद्रराव जावईबापूंना जगदेवचा आणि घरातल्या सगळ्यांचा रामराम.

इकडे आम्ही ठणठणीत आहोत. तुमच्या सासूबाईंचे गुडघे तेवढे वगळा, पण तेही या महिन्यात कुरकुर कमी करतात. तुमची तब्येत कशी आहे? तुमच्या मातोश्रींचा दमा? रंजीता लोहाच्या गोळ्या नीट घेते ना? (लहानपणी ती गोळी गालात दाबून वरून पाणी प्यायची आणि मग उंबऱ्याबाहेर थुंकून यायची. लक्ष असू द्या.) पत्राला खास असं काही कारण नाही. फोनवर तुम्ही नेहमी ड्यूटीवर असता आणि माझं बोलणं तीन मिनिटांत मावत नाही, म्हणून निवांत लिहायला बसलो.

बातमी अशी की आपल्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. बाजूनं नाली, आणि टोकाला दिव्याचा खांबसुद्धा. संक्रांतीनंतर तुम्ही गोड बातमी घेऊन आलात, तेव्हा गाडी मारोतीच्या पारापाशी सोडून ढेकळांतून पायी यावं लागलं होतं. चहा घेताना तुम्ही म्हणालात की बाळंतपण भर श्रावणात येतं, तुमच्या दारापर्यंत गाडी पोचत नाही, तेव्हा आई म्हणते की सगळं अकोल्यालाच करू. बरोबरच होतं तुमचं. आमच्या काळ्या मातीत श्रावणात बैल रुततो, तिथं चाकाची काय कथा! मी मान डोलावली. तुमच्या सासूबाई उठून आत गेल्या. (पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं म्हणून तुमच्या लग्नाच्या वर्षीच तिनं माळ्यावरचा पाळणा उतरवून पुसून ठेवला होता. पण ते जाऊ द्या.)

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती, पुढच्या वर्षाच्या आराखड्याची. आराखडा म्हणजे वर्षभरात गावात काय काय होणार नाही त्याची यादी, असंच मी इतकी वर्षं समजत आलो. यंदा मात्र वरून सूचना आली होती की गावकऱ्यांनी शाळेपुढच्या मैदानात रांगोळीनं गावाचा नकाशा काढावा, घरकुलं, नाल्या, नळ, रस्ते सगळं त्यातच दाखवावं, आणि ग्रामसेवकानं शाळेच्या गच्चीवरून फोटो काढून पाठवावा. रांगोळी म्हटल्यावर बायका आल्या, बायका का आल्या ते बघायला पुरुष आले, आणि दोनदा तहकूब झालेल्या सभेचा कोरम तिसऱ्या खेपेला भरला. हिरीबाईचं घरकुल चार वर्षांपासून यादीत अडकलेलं आहे. तिनं लाल रंगाची वाटीच हिसकली आणि आपल्या जागेवर माडीचं घर काढलं, वर जिना, जिन्यावर दोन कुंड्या. ग्रामसेवक म्हणाला, योजनेत माडी बसत नाही. ती म्हणाली, "काढू त द्या साहेब, रांगोळीले काय सिमिट लागते?"

तुम्ही त्या वेळी कुठं होता ते तुम्हाला आठवणार नाही, कारण तुम्ही झोपला होता. सकाळी सासूबाईंनी रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती, वर तुपाची वाटी. त्यावर माघाचं कोवळं ऊन. माझ्यासोबत मैदानात आलात आणि खुर्चीवर बसल्याबरोबर तुमची मान कलंडली. आता नकाशाच्या हिशोबानं तुम्ही नेमके फुलचंदच्या गोठ्यात, म्हशीच्या दावणीपाशी बसला होता. (हे आजवर तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. राग मानू नका.) रस्ता निघायचा होता पारापासून थेट त्या गोठ्यापर्यंत, आपल्या घराच्या मागून; गोठा घराला लागूनच आहे. फुलचंद सरपंचांचा मावसभाऊ आहे, बाकी मी काही म्हणत नाही.

नकाशात रस्ता काढायचं काम गोमतीबाईकडं होतं. ती रांगोळीची रेघ ओढत आली ती तुमच्या बुटांपाशी थांबली. ग्रामसेवक परभणीकडचा, त्याला काय कळणार. गच्चीवरून ओरडला, त्या पाहुण्यांना उठवा. कोण उठवणार? एकाचा जावई तो अख्ख्या गावाचा जावई. शेवटी ज्याचा रस्ता तो फुलचंदच पुढं झाला, तुमच्या खांद्यापर्यंत हात नेला आणि परत घेतला. म्हणाला, "गावचा जवाई हाय बाप्पा. रस्त्यासाठी जवाई उठवला म्हनून लोकं सात पिढ्या हासतीन." गोमतीबाई म्हणाली, "मंग वळसाच पडते." असं म्हणून तिनं रेघ डावीकडं घेतली, तुमच्या खुर्चीला वळसा घातला, आमच्या दारापुढून नेली आणि मागच्या अंगानं गोठ्याला भिडवली. फोटो निघाला. तुम्ही त्यात तोंड उघडं टाकून आलात, पण चेहरा लहान दिसतो.

उन्हाळ्यात बांधकामाचे साहेब रस्ता मोजायला टेप घेऊन आले तेव्हा म्हणाले, हा वळसा कशाला, सरळ घ्या. ग्रामसेवकानं सांगितलं की नकाशा ग्रामसभेनं मंजूर केलेला आहे, बदलायचा तर पुन्हा ग्रामसभा, पुन्हा कोरम. साहेबांनी टेप मुकाट्यानं वळशावर धरली. शेऱ्यात 'स्थानिक अडचण' असं लिहिलं आहे म्हणतात. ती अडचण म्हणजे तुम्ही.

आता फुलचंदलाही रस्ता मिळाला, मलाही. त्याची म्हैस रोज आपल्या दारावरून जाते आणि जाताना आठवण ठेवून जाते, एवढाच काय तो तोटा. रिठदच्या बाजारात मी चार लोकांना सांगितलं की कसा पाठपुरावा करून रस्ता आणला. (थोडंफार चालतं.) सासूबाई तो रस्ता अंगणासारखा दोन वेळा झाडतात. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी त्यावर अनवाणी पारापर्यंत चालून पाहिलं आणि तसाच परत आलो. पन्नास वर्षं चिखल तुडवला, आता सुखी आहे.

तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार, रंजीताला आशीर्वाद, आणि जे अजून यायचं आहे त्यालाही आत्तापासूनच.

तुमचा सासरा,
जगदेव

ता. क. पत्राला कारण नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. रंजीताला सातवा सरत आला. आता गाडी दारापर्यंत येते. परवा आरोग्य केंद्राच्या ड्रायव्हरला चहाला बोलावून गाडी आणून पाहिली, दारात वळतेसुद्धा. सासूबाई स्वतः आत आडव्या होऊन पारापर्यंत जाऊन आल्या, एकही गचका बसला नाही. मातोश्रींना एवढं सांगून पाहा.

ता. क. दुसरा. हे पाकिटाले डिंक शोधून राह्यले, तवर खालचं मी, तुमची सासू, लिवते. जवाईबापू, खुर्ची तिथं मीच ठेवली होती. रेघ कुठून जानार ते गोमतीले आदल्या दिवशीच इचारलं, अन् सकाळी पावलं मोजून जागा धरली. चार चार रोडगे कायले वाढले, तेबी आता समजलं असन. ह्यायले सांगू नोका, रस्ता आपनच आनला म्हनून लय खुश हायेत. तुमाले झोपवून लोकांच्या गोठ्यात बसवलं, चुकलंच माहं. रागवायचं असन त इथं येऊन रागवा, पन रंजीताले संग घेऊन या.