कस्तुराबाईंनी दुरुस्त केलेला इतिहास

आदरणीय फादर मार्कुस,

तुम्ही आता या जगात नाही, तरी लिहिते.

तुम्ही लिहिलेल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आमच्या आसेगावची विहीर जमीनदारानं खोदली, असं होतं. मी ते घरी वाचून दाखवलं, तशी माझी अडाणी आई, कस्तुराबाई, थेट तुमच्याकडे आली. "फादर, खोटं काहून लिवलं? थे हीर तं गावातल्या बायाइनं खंदली!" तुम्ही रागावला नाहीत. गावात येऊन म्हाताऱ्यांना विचारलंत आणि नव्या आवृत्तीत छापलंत, "माझी चूक कस्तुराबाईंनी दुरुस्त केली."

आता मीही शिकवते. काल माझ्या वर्गातल्या निकितावर मी कॉपीचा खोटा आळ घेतला. आज वर्गासमोर तिची माफी मागितली.

ती म्हणाली, "मॅडम, मोठे मानसंबी माफी मांगतात का?"

मी तिला तुमचं नाव सांगितलं.

तुमची विद्यार्थिनी,
सुचिता