सिद्धम्माची पेशी

बिलोली, २० जानेवारी १९८३

ती. अण्णांस,
शिवगंगेचा सा. न. वि. वि.

तार केली, पण तारेत काय मावतं? म्हणून हे पत्र कंडक्टर हनीफभाईंच्या हाती देत आहे. लातूर जिल्हा झाल्यापासून तुमची मान फार ताठ झाली, असं वहिनी कळवतात. त्यावर पुढं भांडेन. आज जीव थाऱ्यावर नाही.

शाळेला सूक्ष्मदर्शक मिळाला. परवा सातवीच्या वर्गात मी हौसेनं सांगितलं, की उद्या ज्याला त्याला आपापली पेशी दाखवीन. पोरं हसली. इकडं पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. एक सिद्धम्मा तेवढी हसली नाही. कालपासून ती शाळेत नाही, घरीही नाही.

तिची आजी बसम्मा रडत सांगत होती, की पोरीचा बाप मलप्पा उदगीरकडं मजुरीला असताना विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या मारामारीत अडकला. दोन वर्षांमागं पेशीला म्हणून उस्मानाबादला गेला, तो परत आलाच नाही. आता ती फाइल लातूरला आली, हे पोरीला ठाऊक आहे. अण्णा, तुमच्या कोर्टातल्या पगारावर मी शिकले. तो शब्द मला कळायला नको होता का? तिला शोधा.

आपली,
शिवगंगा


लातूर, २२ जानेवारी १९८३

चि. शिवगंगेस अ. उ. आ.

पोरगी सापडली. आधी पाणी पी. काल कोर्टाच्या व्हरांड्यात मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. देगलूर, उदगीर करत एकटी आली. बाईंनी पेशी सांगितली, मंग माजीबी बापाच्याच कोर्टात आसंल, असं म्हणाली. जिल्हा नवा, पण नळ कोरडे. तुझ्या वहिनीनं अर्ध्या बादलीत तिला न्हाऊ घातलं.

मलप्पाची पुढची पेशी पंधरा मार्चला आहे. त्या दिवशी काय होतं, हे तिनं विचारलं. शिपाई तीनदा नाव पुकारतो, कुणी आलं नाही तर पुढची तारीख पडते, असं मी सांगितलं. दुसऱ्यानं हजर म्हटलं तर चालतं का, हेही विचारलं. ज्याचं नाव त्यानंच म्हणायचं, असा कायदा मी ऐकवला.

ऑगस्टात जिल्हा झाल्यापासून मलप्पाच्या नावाचा पुकारा माझ्या टेबलावरून जातो, कधी कान दिला नाही. काल पोरीशेजारी जेवताना तो कानात ऐकू आला.

तिला हनीफभाईंच्या गाडीनं पाठवतो. स्वतःला खात बसू नकोस, आणि भांडायचं राहिलंय ते विसरू नकोस.

तुझा,
बसलिंगप्पा


बिलोली, ७ मार्च १९८३

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

सिद्धम्मा पुन्हा शाळेत येते. परवा अखेर धडा घेतला. गालाच्या आतून काडीनं खरवडून काचेवर लावलं, वर निळा रंग. पोरांना सांगितलं, की कडेचं कुंपण ते पेशीपटल, आतला रस ते पेशीद्रव्य, मधला गडद ठिपका ते केंद्रक.

सिद्धम्मा नळीवरून डोळा काढेना. हा ठिपका कुणाचा, असं तिनं विचारलं. तुझाच, मी म्हटलं. त्यातलं निम्मं आईकडून आलेलं, निम्मं बापाकडून. अंगातल्या पेशीपेशीत तसंच.

मागची पोरं खोळंबली होती, तरी ती हलली नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “मंग बाई, पेशीच्या दिशी म्या हजर म्हनले, तर खोटं व्हईल का?”

अण्णा, हे शिकवलं मीच. तेव्हापासून कुणी हाक मारली तरी मी दचकते.

पंधराला तिला घेऊन येत आहे. तुमच्या शिपायाला सांगा, मलप्पाचं नाव पुकारल्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त थांब.

लोभ आहेच, तो या पोरीवरही असू द्यावा.

आपली,
शिवगंगा